खाऱ्या पाण्यावरची एक रात्र

आपण खानदेशची माणसे तापीकाठची. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, हे शाळेत शिकलो. पण त्या समुद्रावर रात्र काढण्याचा योग मला पंचावन्नाव्या वर्षी आला. गेल्या जानेवारीत मालवणला एका स्नेह्याकडे गेलो होतो. यावलहून निघताना धाकटा भाऊ म्हणाला होता, "दादा, केळीला पाणी पुरत नाही. तिसरे बोअर घेऊ. तुम्ही आल्यावर कर्जाचे बघू." ते ओझे डोक्यात होतेच.

स्नेह्याच्या ओळखीच्या एका तांडेलाने मला होडीवर घेतले. दुपारी निघालो. पूर्वी शिडाच्या होड्या पहाटेच्या मतलई वाऱ्यावर समुद्रात जात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून वारा समुद्राकडे वाहतो, दिवसा उलट. आता इंजिन आले, तरी तांडेल निघण्याआधी वारा बघतोच.

वाटेत सिंधुदुर्ग दिसला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी याचा पाया घातला. चहूकडे खारे पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. गोडे पाणी नसते तर तिथे शिबंदी राहिली असती का?

होडीवर तांडेल आणि चार खलाशी. त्यांचा संसार म्हणजे एक स्टोव्ह, भाताचे पातेले, बर्फाची पेटी, डिझेल आणि पिण्याच्या पाण्याचे तीन कॅन. जेवणासाठी थांबलो तेव्हा तांडेल ओरडला, "नांगर टाका!" मी चमकलोच. आपला नांगर जमीन उकलतो, यांचा नांगर तळ धरून होडी थोपवतो.

मी कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली, त्यांनी बांगड्याचे कालवण वाढले. जेवणाआधी सवयीने मी कॅन कलता केला आणि भरपूर पाणी घेऊन हात धुऊ लागलो. तांडेलाने हळूच कॅन सरळ केला. "सायबानू, ह्या पाणी पिवचा. हात धुवक दर्या आसा." तीस वर्षे गावोगाव ठिबक सिंचनावर बोलणारा मी, मान खाली घालून बसलो.

याच समुद्रातून मोठ्या सफरी झाल्या. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच नौकेतून कुठेही न थांबता फिरून आले. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात वाटेत डिझेल मिसळले होते. नौका लहान असो की मोठी, गोड्या पाण्याचा हिशोब सुटत नाही.

संध्याकाळी जाळे सोडले. रात्री पाळीपाळीने झोपलो. पहाटे जाळे ओढले तेव्हा बांगडे बरे होते, सुरमई चारच. आलेल्या पैशातून आधी डिझेल-बर्फाचा खर्च काढतात, मग होडी, जाळी आणि माणसे यांचे वाटे पडतात. जाळे रिकामे आले तर कुणालाच वाटा नाही. मी विचारले, "मग पावसाळ्यात?" तांडेल म्हणाला, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तो काळ माशांच्या विणीचा. त्या दोन महिन्यांत घरात ओढ असते, पण समुद्राला विसावा दिला नाही तर पुढे जाळ्यात काय येणार?

आम्ही विहिरीला विसावा कधी दिला, हे मला आठवेना.

घरी आल्यावर कर्जाचा कागद बाजूला ठेवला. दोराला हातहाताच्या अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि विहिरीत सोडला. आता दर अमावास्येला दोर सोडतो आणि पाणी किती हातांवर लागले ते खोलीच्या भिंतीवर लिहितो. आकडा दर महिन्याला वाढतो आहे. धाकटा अजून नाराज आहे; पण परवा भिंतीपाशी उभा राहून त्याने सगळे आकडे वाचले आणि ठिबकच्या नळ्या कितीला मिळतात ते मला विचारले.

तुमच्या विहिरीतही एकदा दोर सोडून पाहा.