पान 29 ते 75

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात एक छोटी काशाची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. समुद्र राहिला घाटाखाली, आणि हा देव सापडला पंचगंगेकाठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडात. शाळेच्या सहलीत आम्हा कळंब्याच्या पोरींना तो दाखवला, तेव्हा बाई म्हणाल्या, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावाचा रोमशी व्यापार होता. हे कशावरून ठरवलं, ते मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मला तर तेच हवं होतं.

उत्तराचा पत्ता लागला तो शिवाजी विद्यापीठात शिकताना. डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित यांनी 1945-46मध्ये ब्रह्मपुरीचं उत्खनन केलं, त्याचा अहवाल 1952मध्ये छापला गेला. पण पोसायडन त्या उत्खननातला नाही. तो त्याआधीच हाती आलेल्या धातूच्या वस्तूंच्या साठ्यातला. राजाराम कॉलेजात कन्नड शिकवणारे प्रा. कुंदणगार यांच्या नावाने तो साठा अभ्यासकांत ओळखला जातो. एखादी वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती याची नीट नोंद असेल तर तिचा काळ ठरवणं सोपं जातं. नाहीतर सगळी भिस्त तिच्या घडणीवर. म्हणजे या मूर्तीबद्दल जे काही म्हणायचं, ते कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघून, ताडून, युक्तिवाद करून म्हटलेलं असणार. तो युक्तिवाद कुठे आहे, हे एका तळटीपेत सापडलं: कार्ल खंडालावाला, ‘ललित कला’, अंक 7, 1960, पान 29 ते 75.

सत्तेचाळीस पानं! गाइड आणि पाठ्यपुस्तकं ज्या मूर्तीला एका ओळीत उरकतात, तिच्यावर आणि तिच्या सोबतच्या वस्तूंवर कुणीतरी एवढं लिहिलं होतं. खंडालावाला पेशाने वकील. नानावटी खटल्यात बचाव पक्षाची बाजू त्यांनीच मांडली. तो खटला 1959चा, हा लेख 1960चा. दिवसा कोर्टात उभा राहणारा माणूस आमच्या ब्रह्मपुरीची भांडी तपासत होता, याचं मला फार अप्रूप वाटलं, अजूनही वाटतं.

‘ललित कला’ हे दिल्लीच्या ललित कला अकादमीचं नियतकालिक. मी विचारलं त्या ग्रंथालयांत कुठे अंक 6 होता, कुठे 8. कुठे मधलेच अंक बायंडिंगला गेलेले. त्या काळी लेख मिळवायचे दोनच रस्ते. लेखकाला पत्र घालायचं, कारण लेखकांना त्यांच्या लेखाच्या सुट्या प्रती मिळत आणि त्या मागणाऱ्याला ते पाठवत. नाहीतर ग्रंथपालाला गाठायचं. आमच्या एका ग्रंथपालबाईंनी मला पत्र कसं लिहायचं ते शिकवलं: लेखक, वर्ष, अंक, पान, एवढंच, आणि तेही ठळक. “बाळ, समोरच्याला शोधायला लागू नये, नुसतं उठून काढता यावं,” त्या म्हणाल्या. ही शिस्त मी पुढे शाळेतल्या मुलांना इतिहासाच्या प्रकल्पाच्या निमित्ताने शिकवत आले.

पुण्यातल्या एका ग्रंथालयातून पाकीट आलं, तेव्हा मी लग्न होऊन कळंब्यातच, तलावाच्या अलीकडे राहायला आले होते. झेरॉक्स फिकट होती, चित्रांच्या पानांवर नुसते काळे डाग. तरी ती रात्र मी त्या लेखासोबत काढली. पोसायडनखेरीज तिथे आरसा होता, सुरई होती, हत्तीवर बसलेले स्वार होते. एका साठ्यात बाहेरून आलेली आणि इथल्या मातीतली कारागिरी शेजारी शेजारी! मुख्य म्हणजे, विद्वान माणूस एखादी गोष्ट “अशी असावी” म्हणतो तेव्हा तिथवर कसा पोचतो, हे मला पहिल्यांदा दिसलं. सारांशात निष्कर्ष तेवढा राहतो, पायऱ्या गळतात. कोणत्या पायरीवर आपलं दुमत आहे हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि मग इतिहास म्हणजे कुणीतरी सांगितलेलं ऐकून घेणं होऊन बसतं.

पुढे दुसरीकडे हाती लागलेली तळटीप होती विमला बेगली आणि रिचर्ड डी प्युमा यांच्या ‘रोम अँड इंडिया’ या 1991च्या ग्रंथाची. कोल्हापूरच्या रोमन काशाच्या वस्तूंवर डी प्युमांचं त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. तो ग्रंथ अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने छापला. भाचा परदेशी शिकायला गेला तेव्हा त्याच्याकडे मागितलं ते एवढंच प्रकरण.

आता शेजारची मुलगी पुरातत्त्व शिकते. तिच्या फोनवर एखाद्या लेखाचं पहिलं पान उघडतं आणि खाली डॉलरमध्ये किंमत येते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्राने नोव्हेंबर 2024मध्ये मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांचं त्याने भलं होतंय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ही नियतकालिकं वाचायची सोय संस्थेमार्फतच मिळते. निवृत्त शिक्षक, गावचा हौशी अभ्यासक, वर्तमानपत्राचा वार्ताहर यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. शिवाय ‘ललित कला’सारखे आपले जुने अंक विदेशी प्रकाशकांच्या त्या गठ्ठ्यात कसे येणार? ते आपणच स्कॅन करून, सूची करून सगळ्यांना खुले करायला हवेत. वस्तू आमच्या टेकाडातली, जपली आमच्या गावाने. तिच्यावरचं लेखन वाचायला परगावच्या ओळखी लागू नयेत.

त्या मुलीला मी माझी फिकट झेरॉक्स दिली. दोन दिवसांनी ती आली ती खंडालावालांशी भांडतच. हत्तीच्या स्वारांचं त्यांचं म्हणणं तिला पटलेलं नाही. त्यांच्या एका तळटीपेतला लेख तिला हवाय. लेखक, वर्ष, अंक, पान लिहून आम्ही दोघींनी काल पत्र टाकलं.