रग्बी लीग? आधी कोचला विचारा

सिडनीकर आईबाबांनो, आमच्या लेकाला रग्बी लीग खेळायचंय आणि घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, "आपण कबड्डी खेळलोच की!" पण कबड्डीत कोणी लांबून पळत येऊन अंगावर आदळत नाही.

एनआरएलने २०१३ पासून खांद्याची धडक बंद केली. तरी पुढच्याच वर्षी न्यूकॅसल नाइट्सच्या अ‍ॅलेक्स मॅकिननला टॅकलमध्ये उचललं गेलं, मान मोडली आणि तो व्हीलचेअरवर आला. शिवाय डोक्याला मार जास्त वेळा टॅकल करणाऱ्यालाच बसतो.

म्हणून कोचला दोनच गोष्टी विचारणार आहे. टॅकल करताना डोकं कुठे ठेवायचं, ते कसं शिकवता? आणि डोक्याला लागलं तर मुलाला बाहेर कोण काढतं? उत्तरं पटली तरच बूट घ्यायचे. तुमच्या क्लबमध्ये काय करतात? नक्की सांगा.