किलोमीटरचा हिशोब : खान्देशातली काही टिपणे

• बैलजोडी घेताना किंमत एकदा विचारतात, चारा-पाण्याचा विचार मात्र वर्षभराचा करतात. ई-बसकडेही तसंच बघायला हवं. डिझेल बसपेक्षा ती घेताना बरीच महाग पडते, पण चालवायला स्वस्त. म्हणून प्रश्न किमतीचा नाही; दहा-बारा वर्षांत ती किती किलोमीटर धावणार, याचा आहे.

• पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाली. देशभरात 10,000 बस. अट 3 लाखांवर लोकसंख्येची. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहर 4.60 लाख, धुळे 3.76 लाख. दोन्ही शहरं अटीत बसतात.

• जेएनएनयूआरएम या केंद्राच्या आधीच्या शहरविकास योजनेच्या काळात पैसे बसखरेदीसाठी आले, रोज चालवण्यासाठी नाही. सोलापुरात चेसिसला तडे गेलेल्या नव्या गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. आता ई-बस सेवेत गाडी ठेकेदाराची, पालिका किलोमीटरमागे पैसे देणार आणि त्यात केंद्राचा हातभार : 12 मीटरच्या बसला 24 रुपये, 9 मीटरच्या बसला 22. ही सुधारणा मोलाची आहे.

• थोडी आकडेमोड. 9 मीटरच्या बसला किलोमीटरला 0.9 युनिट आणि युनिटला 9 रुपये धरू : वीजखर्च आठ रुपये. डिझेल गाडी लिटरला साडेचार किलोमीटर आणि लिटर 90 रुपयांना धरलं, तर वीस रुपये. किलोमीटरमागे बारा रुपये वाचले. रोज 200 किलोमीटर, वर्षाला 330 दिवस : बारा वर्षांत सुमारे 95 लाख. तीच बस रोज 120 किलोमीटरच फिरली तर 57 लाख. बॅटरी, चार्जर, डेपो यांचा खर्च मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढाच. उभी ई-बस ही सगळ्यात महाग बस.

• सीईएसएल या सरकारी कंपनीच्या 2022 च्या मोठ्या निविदेत 9 मीटरच्या बसचा दर किलोमीटरला 39.21 रुपये निघाला होता. तसाच दर धरून 22 वजा केले, तर सतरा रुपये तिकिटांतून यावे लागतील. प्रवाशाकडून किलोमीटरला दोन रुपये मिळाले, तर गाडीत सतत आठ-नऊ माणसं हवीत. जळगाव स्टेशन ते बांभोरीच्या विद्यापीठापर्यंत कॉलेजच्या वेळेत ती सहज मिळतील. दुपारी दोनला मिळणार नाहीत.

• म्हणून दुपारी गाडी चार्जिंगला लावावी. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की जळगावचे रस्ते ओस पडतात आणि सौरवीज तेव्हाच भरपूर असते. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प धुळे जिल्ह्यातलाच. रात्री मात्र भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या कोळशाच्या केंद्रांवरच भिस्त.

• पण बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. तापलेल्या डांबरावरून आलेली गाडी उन्हातच चार्जिंगला लावली, तर बॅटरी थंड ठेवण्यातच वीज जाते आणि तिचं आयुष्यही घटतं. खान्देशातल्या डेपोत चार्जरइतकीच उंच, हवेशीर शेड गरजेची आहे. निविदेत ती शोभेची बाब म्हणून कापली जाऊ नये.

• चार्जिंगची गन हातात घेतली की कळतं, केबल मनगटाएवढी जाड आणि ओढायला जड. ड्रायव्हर ती पोर्टमध्ये दाबतो, खटका बसतो, पडद्यावर टक्के चढू लागतात. वरच्याच हिशोबाने, रोज 200 किलोमीटर धावणाऱ्या पन्नास गाड्यांना दिवसाला 9,000 युनिट लागतील. ती सहा तासांत भरली तर सरासरी भार 1,500 किलोवॉट, तीन तासांत भरली तर दुप्पट. उच्चदाब ग्राहकाला कमाल भारावर मागणी आकारही भरावा लागतो. म्हणून पाळ्या लावून चार्ज करण्यात पैसा आहे.

• शहराबाहेरचा पल्ला बघू : जळगाव-धुळे सुमारे 95 किलोमीटर, पारोळा-एरंडोलमार्गे. जाऊन-येऊन 190. एसटीची ‘शिवाई’ ही ई-बस 2022 मध्ये आली तेव्हा एका चार्जमध्ये 250 किलोमीटर सांगितले होते. उन्हाळ्यात एसी चालू ठेवून एवढी शिल्लक पुरेलच असं धरू नये. धुळ्यात अर्ध्या तासाचं चार्जिंग वेळापत्रकातच हवं.

• केंद्राची मदत दहा वर्षांची. त्यापुढे करार चालू राहिला, तर जुनी बॅटरी घेऊन चालणारी गाडी पालिकेने स्वतःच्या पैशावर चालवायची. त्यासाठी पहिल्या वर्षापासून वेगळा निधी बाजूला पडायला हवा. धावलेले किलोमीटर, लागलेली युनिटं, किलोमीटरमागे मिळालेलं तिकीट : हे तीन आकडे पालिकेने दर महिन्याला बसथांब्यांवर लावावेत. बस कोणाच्या पैशाने चालते, हे तिची वाट बघत उभ्या असलेल्यांना कळलंच पाहिजे.