मोकळे हात

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शहापूरला एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही भंडाऱ्याहून निघालो होतो. गाव जवळ येताच आमची मोटारसायकल आचके देत बंद पडली. आदल्या रात्री टाकीचे झाकण नीट न लावता ती पावसात उभी ठेवण्याचा पराक्रम आमचाच होता. मेकॅनिकने टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरले. वर पेट्रोल, खाली पाण्यासारखा निराळा थर. "फादर, हे सगळं काही पाणी नाही बरं का," तो म्हणाला.

त्या कुटुंबातील मुलगा नागपूरला रासायनिक अभियांत्रिकी शिकतो. बाटली पाहताच त्याचा चेहरा खुलला. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ साली देशातील हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. टाकीत पाणी शिरले की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडते आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. म्हणून खालचा थर, आत शिरलेल्या पाण्याहून मोठा.

असे का व्हावे? त्याने वहीच उघडली. दाब, आकारमान व तापमान यांचे नाते सांगणाऱ्या सूत्राला अवस्था-समीकरण म्हणतात. १८७३ साली व्हॅन डर वाल्स या डच शास्त्रज्ञाने आपल्या प्रबंधात रेणूंना आकार आहे व त्यांच्यात परस्पर ओढ आहे, या दोन गोष्टी त्यात आणल्या. पुढे १९१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्यांची ओढ चहूबाजूंनी सारखी. पाणी आणि अल्कोहोल यांची रीत वेगळी. त्यांच्या रेणूंना जणू हात असतात, आणि ठरावीक बाजूने, अगदी जवळ आल्यावरच ते एकमेकांना धरतात. पाण्याला चार हात, पेट्रोलमधल्या हायड्रोकार्बनला एकही नाही! १९८४ ते १९८६ या काळात वर्थाइम यांनी या हातधरणीचे गणित मांडले. एखाद्या तापमानाला किती हात मोकळे राहिले, हाच त्यातला मुख्य आकडा. उष्णता वाढली की हात सुटतात. १९९६ मध्ये जुन्या घराण्यातील एका समीकरणाला या गणिताची जोड मिळाली. अल्कोहोल, पाणी व तेल एकत्र आले असता कोण कोणत्या थरात जाईल, हे त्यावरून बऱ्याच विश्वासाने सांगता येते.

"म्हणूनच फादर, ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी मिळून १०० होत नाहीत. ९६-९७ भरतात. हात धरून रेणू दाटीने बसतात."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. चहा पुढ्यात निवत होता.

वाचकहो, सेमिनरीत जाण्यापूर्वी आम्ही एक वर्ष विज्ञान शाखेत होतो. जवळपास चाळीस वर्षे झाली त्याला. मापे घेण्याच्या सरावात आम्हा दोघा जोडीदारांना नेमके हेच मिश्रण करावयास दिले होते. नळी ९७ दाखवीत होती. आम्ही वहीत १०० लिहिले, जोडीदाराने ९७. तपासणाऱ्या शिक्षकांनी त्याला सर्वांदेखत निष्काळजी ठरविले. स्पिरिट सांडलेस, म्हणाले. आमच्या वहीवर 'उत्तम' असा शेरा पडला. नळी आम्हीही पाहिली होती. एक शब्द बोललो असतो तर पुरे होते. बोललो नाही. पुढे नीतिशास्त्राचे धडे गिरवले, शेकडो लोकांचे पापनिवेदन ऐकले, पण ही गोष्ट स्वतःच्या यादीत कधी धरली नव्हती, कारण आपलाच आकडा खरा असावा अशी सोयीस्कर समजूत होती.

त्या मुलाने मोजनळी आणून प्रयोग करून दाखविला. साडेशहाण्णवच्या आसपास भरले.

जोडीदार आता निवृत्त आहे. त्या रात्री फोन करून त्याला सारे सांगितले. तो काही वेळ बोललाच नाही.

"म्हणजे माझ्या हातून सांडलं नव्हतं," तो म्हणाला, आणि इथेनॉलविषयी पुन्हा पहिल्यापासून सांगावयास लावले.