नोंगक्रोंग, जकार्ता स्टाईल!

इंडोनेशिया म्हटलं की आपल्याला आठवतं बाली, बीच आणि हनिमून पॅकेज. पण तिथली तरुणाई कशी जगते हे बघायचं तर जकार्ताला पर्याय नाही. आणि जकार्ता समजून घ्यायचं तर एक शब्द पाठ करायलाच हवा: नोंगक्रोंग. म्हणजे काय, तर मित्रांसोबत नुसतं बसणं. अजेंडा नाही, घाई नाही. आपल्या कट्ट्याचा सख्खा भाऊच!

पूर्वी हा कट्टा वारुंगवर, म्हणजे टपरीवर भरायचा. टपऱ्या आजही आहेत, पण ऑफिस सुटलं की बरीच गर्दी कॅफेत दिसते. ब्लॉक एम भागात नोटा छापणाऱ्या सरकारी कंपनीच्या जुन्या वसाहतीत 2019 मध्ये 'एम ब्लॉक स्पेस' सुरू झालं. कॅफे, छोटी दुकानं, लाइव्ह म्युझिक, सगळं एकाच आवारात. मी मागवली 'कोपी सुसु गुला आरेन'. दूध, एस्प्रेसो, बर्फ आणि ताडाच्या जातीच्या झाडाचा गूळ. एकदम सही!

शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं कमरेला बाटिकचं कापड गुंडाळलं होतं, खाली स्नीकर्स. आजीच्या कपाटातलं बाटिक आता कूल झालंय. (2009 मध्ये युनेस्कोनंही त्याला वारसा म्हणून मान दिला.) गप्पांमध्ये दर वाक्याला 'लिटरली' आणि 'विच इज'. दक्षिण जकार्ताच्या पोरांची ही मिक्स भाषा तिथे चेष्टेचा विषय आहे. ओळखीचं वाटतंय ना?

पण ही कॉफी सगळ्यांच्याच खिशाला परवडत नाही. मग बाकीच्यांनी बसायचं कुठे? याचं उत्तर 2022 मध्ये उपनगरातल्या टीनएजर्सनी दिलं. चितायाम, बोजोंगगेडे, देपोकहून ही मुलं लोकल पकडून शहराच्या मधोमध, डुकुह आतास स्टेशनपाशी यायची. भाडं किती? पहिल्या 25 किलोमीटरला 3000 रुपिया, म्हणजे आपले 15-16 रुपये! स्वस्तातले कपडे भन्नाट जोडून ती चक्क झेब्रा क्रॉसिंगवर कॅटवॉक करायची. नाव पडलं 'चितायाम फॅशन वीक'.

मग सेलिब्रिटी आले, कॅमेरे आले. एका नटाच्या कंपनीनं तर हे नावच ट्रेडमार्क करायला अर्ज टाकला. बोंबाबोंब झाल्यावर तो मागे घेतला. शेवटी ट्रॅफिक जॅमचं कारण झालं आणि पोलिसांनी मुलांना हटवलं.

मला यातली फॅशन कमी आणि हट्ट जास्त आवडला. हे शहर आमचंही आहे, एवढंच तर ती मुलं सांगत होती. 2025 च्या सुरुवातीला तिथल्या तरुणांमध्ये एक हॅशटॅग गाजला, 'काबुर आजा दुलू'. म्हणजे आधी इथून सटका! नोकऱ्यांना आणि महागाईला वैतागून परदेशाची वाट धरा, हा त्याचा सूर. पिढीला आपल्याच शहरात जागा सापडली नाही, की ती दुसरीकडे शोधणारच.

जकार्ताला गेलात तर एक संध्याकाळ मॉलऐवजी डुकुह आतासला द्या. एमआरटीनं सहज जाता येतं. तिथे थोडा वेळ नुसते उभे राहा. नोंगक्रोंगला तेवढंच लागतं.