उजव्या हाताची दिशा

उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की पश्चिम पाठीशी येते आणि उजव्या हाताला दक्षिण. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. होकायंत्र नव्हतं तेव्हा सूर्य आणि स्वतःचं शरीर एवढ्यावरच माणसाने दिशा लावल्या. तिकडे दूर आयरिश भाषेतही उजवा आणि दक्षिण यांना एकच शब्द आहे, कारण तेही उगवतीकडे बघूनच दिशा सांगत.

मला हा अर्थ सर्वात जवळून भेटतो तो देवळात. प्रदक्षिणा घालायची ती देवाला उजव्या हाताला ठेवून. जुन्या दगडी देवळात फिरताना उजवा हात आपसूक गाभाऱ्याच्या भिंतीला लागतो. कमरेच्या उंचीवर तो दगड काळाभोर, तेलकट, गुळगुळीत झालेला असतो. वीतभर वर बघा, टाकीचे घाव तसेच खडबडीत आहेत. किती पिढ्यांचे उजवे हात त्या पट्ट्यावरून गेले असतील!

हात उजवा, म्हणून तो कामाचा; म्हणून ‘दक्षिण’ म्हणजे निपुणही. दक्ष त्याच कुळातला. दाक्षिण्य म्हणजे दुसऱ्याचं मन राखणं. आणि दक्षिणा! पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. पेशवाई गेल्यावर त्या निधीतला काही भाग वळवून १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे रूप पालटत गेलेल्या त्या संस्थेला १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं. डेक्कन म्हणजे दख्खन, आणि दख्खन म्हणजे दक्षिणच. दक्षिणेतून जन्मलेली संस्था दक्षिणेच्याच नावाने मोठी झाली. आज संस्कृतचा महाकोश तिथेच सिद्ध होतो आहे.

इतक्या गुणांचा शब्द, आणि त्याच्या वाट्याला आपण भीती का लावली? दक्षिणेला यम, हे खरं. पितरांचं तर्पणही तिकडेच तोंड करून करतात. पण पितर म्हणजे आपलेच आजोबा-पणजोबा. त्यांना कसलं घाबरायचं? उज्जैनचा महाकाल दक्षिणमुखी. दक्षिणमुखी मारुतीपुढे शनिवारी रांग लागते. ज्ञान देणारा शिव तो दक्षिणामूर्ती. तरीही दार दक्षिणेला आहे एवढ्यासाठी चांगलं हवेशीर घर सोडून देणारी माणसं आजही भेटतात, आणि दर वेळी मला मनापासून वाईट वाटतं.

घर बघायला जाल तेव्हा ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो ते बघा, पाणी किती वेळ येतं ते विचारा. पण दार दक्षिणेला आहे म्हणून उंबऱ्यावरून परत फिरू नका.