काळ्या चिमणीमागे

‘फँड्री’ बघ म्हणून सांगणाऱ्यानं ‘गोड प्रेमकथा आहे’ एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. वर्गातल्या शालूवर जब्याचा जीव जडतो. शिवाय १४ फेब्रुवारी २०१४ ला, प्रेमिकांच्या दिवशी, सिनेमा लागलेला. गाव अकोळनेर, नगरहून रेल्वेनं दौंडकडे निघालं की लागणारं. ते उघडे माळ, त्या बाभळी, ते रखरखीत ऊन. नगरकराला यात नवं काही दिसत नाही, आणि तिथंच तो बेसावध सापडतो.

नाक सरळ व्हावं म्हणून जब्या त्याला चिमटा लावतो. काळ्या चिमणीची राख टाकली की शालू वश होईल, म्हणून गलोल घेऊन काट्याकुट्यांतून फिरतो. त्याला गाव सोडून पळायचं नाहीये, गावात शिरायचंय. बापाला, किशोर कदमांच्या कचरूला, त्यातली अडचण ठाऊक आहे. म्हणून त्याचा आवाज पोरावर चढतो, गावापुढे नाही.

हे घर कैकाड्याचं. लक्ष्मण माने यांनी १९८० साली याच जमातीतलं आपलं जगणं लिहिलं आणि पुस्तकाला नाव दिलं ‘उपरा’. इंग्रजांनी मारलेला गुन्हेगार जमातीचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. पण आजही कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि नगरला विमुक्त जातीत. म्हणजे सरकारी यादीतही त्याचं एक ठिकाण नाही!

डुक्कर धरायला सगळं घर धावतंय. ते हाती लागणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ. घरचेही थबकतात. डुक्कर तेवढं निसटतं. थिएटरात इथं हशा पिकतो, मीही हसलो. ती ५२ सेकंदं गाव आणि हे कुटुंब सारखंच उभं असतं. कुणी कुणाच्या वर नाही, खाली नाही. गीत संपतं, पुन्हा धावाधाव, पुन्हा कुंपणावरून टोमणे. आता हसणाऱ्यांत शालूही असते. शाळेच्या भिंतीवरून फुले, आंबेडकर बघत असतात आणि पुढून डुक्कर खांद्यावर टांगून नेलं जातं. ही चौकट जरा ठळकच आहे, पण गावोगावच्या भिंती अशाच रंगवलेल्या असतात, त्याला दिग्दर्शक काय करणार?

सिनेमा लागला त्याच वर्षी २८ एप्रिलला, याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एका शिकत्या दलित पोराला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून मारून टाकलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. सिनेमाच्या शेवटी जब्याच्या हाती दगड तरी आला होता.

खर्डा आठवला की सिनेमातल्या चंक्याकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. सायकलदुकानवाला चंक्या, काळ्या चिमणीचा तोडगा सांगणारा. ही भूमिका दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी स्वतःच केली आहे. सिनेमाचं शिक्षण त्यांनी नगरच्याच कॉलेजात घेतलं. पोराला वेडी आशा लावायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणा नटावर ढकललं नाही, हे मला सबंध सिनेमातलं सगळ्यात प्रामाणिक वाटतं.